आंबा घाटात इंजिन तापलं, हेड गेलं, वॉरंटी नाकारली. आता काय करावं?

खाडीकाठ | २१ मे, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिल्यांदाच धागा काढतोय, तोही अडचणीत सापडलो म्हणून. सगळं सांगितल्याशिवाय सल्ला देता येणार नाही, त्यामुळे थोडं लांबेल.

मी पावसच्या बाजूला राहतो, शाळेत शिकवतो. गाडी पेट्रोल, दोन वर्षं चार महिने जुनी, ३१,२०० किमी चाललेली. वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किमी. सगळ्या सर्व्हिस कंपनीच्याच शोरूममध्ये केल्या आहेत.

१२ मे रोजी आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी कोल्हापूरला नेत होतो. गाडीत आई, बायको, मुलगी आणि डिकीत मामेभावासाठी हापूसच्या दोन पेट्या. साखरपा, मुर्शी सोडून घाट लागला. साधारण अर्धा चढ चढल्यावर एसीतून गरम हवा यायला लागली आणि लगेच तापमानाचा लाल दिवा लागला. माझ्या गाडीत काटा नाही, थंड असताना निळा दिवा आणि तापल्यावर लाल, एवढंच. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मागे भरलेला ट्रक. पुढच्या वळणावर जागा रुंद होती तिथे बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. फार तर ३००-४०० मीटर झाले असतील. बॉनेटमधून वाफ येत होती आणि गुळाच्या पाकासारखा गोडसर वास सुटला होता.

चाळीस मिनिटं थांबलो. मग फडकं धरून कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीचं झाकण उघडलं. टाकी पूर्ण रिकामी. जवळच्या झऱ्यावरून तीन बाटल्या पाणी आणून ओतलं आणि एकदा स्टार्टर मारला. गाडी थरथरली, मागून पांढरा धूर आला, लगेच बंद केली. टोइंगला यायला तीन तास लागणार होते. तेवढ्यात साखरप्याचे एक मिस्त्री बाइकवरून आले. त्यांनी काहीही न उघडता छोटं स्कॅनर लावलं, स्क्रीनचे फोटो माझ्या मोबाइलवर काढून दिले आणि म्हणाले, "मास्तर, हे जपून ठेवा."

गाडी जिल्ह्याच्या शोरूमला गेली. नऊ दिवसांनी आज तोंडी उत्तर मिळालं: हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकलंय, गॅस्केट (हेडखालचं सील) गेलंय, ऑइलमध्ये पाणी आहे, क्लेम रिजेक्ट. कारणं चार सांगितली. दिवा लागल्यावर गाडी चालवली. कूलंटमध्ये साधं पाणी सापडलं. २० हजार किमीची सर्व्हिस दीड महिना उशिरा केली. चौथं ऐकून तर मी गप्पच झालो: डिकीत पेंढा सापडला, म्हणजे गाडी मालवाहतुकीला वापरता. पेट्यांतला भाताचा पेंढा होता तो!

खर्चाचा अंदाज ८६,४०० रुपये. आठवड्यात होकार दिला नाही तर रोजचे ३०० रुपये पार्किंग लावणार म्हणे. आई रोज विचारते गाडी कधी येणार. मला खरंच कळत नाहीये कुठून सुरुवात करू.

---

सड्यावरून | २१ मे, रात्री ११:२०

वाचून वाईट वाटलं, मास्तर. विम्यातून काही मिळेल या आशेवर राहू नका. नेहमीच्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. अपघात नाही, पाण्यात बुडाली नाही, म्हणजे ते दार बंद. वॉरंटीवरच लढावं लागेल.

---

दर्यावर्दी | २२ मे, सकाळी ७:०५

कटू वाटेल पण लिहितो. लाल दिवा म्हणजे लाल दिवा. त्यानंतर शंभर मीटरसुद्धा जायचं नसतं, मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. मे महिना, चार माणसं, एसी, घाटाचा चढ. एसी आधीच बंद करायला हवा होता. कंपनीची बाजू अगदीच चुकीची आहे असं मला वाटत नाही.

---

जुना_डेपो | २२ मे, सकाळी ९:४०

मास्तर, मी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली. तुमची गाडी मी बघितलेली नाही, पण तुम्ही नीट लिहिलंय म्हणून काही गोष्टी सांगतो.

कूलंटची सिस्टीम बंद असते. धडधाकट गाडीत कूलंट आटत नाही. वर्षभरात टाकीतली पातळी नखभर खाली गेली तर गेली. टाकी रिकामी झाली म्हणजे ते कुठून तरी बाहेर पडलं. पाइप सुटला, रेडिएटर गळला, वॉटर पंपाचं सील गेलं, झाकण दाब धरेना, किंवा गॅस्केटमधून आत गेलं. यातलं नेमकं काय, हा पहिला प्रश्न. हेड का वाकलं हा त्याच्या नंतरचा. शोरूमवाले तुमच्याशी नंतरच्या प्रश्नावर भांडतायत आणि तुम्हीही तिथेच अडकलात.

साधं पाणी १०० अंशांना उकळतं. निम्मं कूलंट निम्मं पाणी असेल तर १०६-१०८ च्या आसपास. झाकणाने एक बारभर दाब धरला की तेच १२५ च्या पुढे जातं. म्हणून ९०-१०० वर चालणारं इंजिन मे महिन्यातल्या घाटातही उकळत नाही. गळती सुरू झाली की पाणी जातं आणि दाबही जातो. उरलेलं उकळतं, वाफ होते, आणि वाफ पाण्यासारखी उष्णता ओढून नेत नाही. ॲल्युमिनियमचं हेड एका जागी भाजून निघतं. बऱ्याच छोट्या इंजिनांत हेडच्या सपाटपणाची मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी. तेवढं वाकलं की गॅस्केट धरत नाही.

दर्यावर्दी, तुमच्यासाठी एक मुद्दा. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तेव्हाच खरं सांगतो. पाणी खाली गेलं आणि तो वाफेत उघडा पडला की आकडा मागे राहतो. त्यामुळे दिवा लागला तेव्हाच नुकसान होऊन गेलेलं असू शकतं. माणूस दिवा बघून थांबतो. दिवाच उशिरा लागला तर त्याने काय करावं? आणि एसीबद्दल म्हणाल, तर इंजिन तापलं की गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच कॉम्प्रेसर सोडवतो. मास्तरांना गरम हवा आली ती त्यामुळेच.

आता तीन कामं करा. पहिलं, शोरूमला लेखी कळवा की इंजिन धुवायचं नाही. दुसरं, वॉटर पंपाच्या बॉडीला खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं, आम्ही त्याला विप होल म्हणायचो. सील गळायला लागलं की पाणी तिथून बाहेर येतं आणि वाळून रंगीत पापुद्रा धरतो. त्याचा फोटो काढा, हात लावू नका. तिसरं, आजवरच्या सर्व्हिसची सगळी बिलं काढा आणि ओळ न् ओळ वाचा. कूलंट कधी वरून टाकलंय का ते बघा.

---

सोलकढी | २२ मे, दुपारी १२:१५

मास्तरानू, माझोय तोच अनुभव. कुडाळाक जाताना गाडी तापली. शोरूमवाल्यान सांगल्यान, तुम्ही पाणी घातलास, वॉरंटी गेली. मी म्हटलंय, अरे बाबा, गरम झाली म्हणान पाणी घातलंय, पाणी घातलंय म्हणान गरम नाय झाली! ह्याच वाक्य लिवन द्या त्यांका. माझा काम त्या एका वाक्यार झाला.

---

खाडीकाठ | २२ मे, रात्री ९:३०

जुना_डेपो काका, तुमचे पाय धरावेसे वाटतायत.

शाळेतून आल्यावर पत्र्याच्या पेटीतली सगळी बिलं काढून ओसरीवर पसरली. २० हजारांच्या सर्व्हिसच्या बिलावर, वायपरचं पाणी आणि "इतर कन्झ्युमेबल्स" यांच्या मधे बारीक अक्षरांत एक ओळ आहे: कूलंट टॉप अप, ०.५ लिटर. ३० हजारांच्या बिलावर तीच ओळ, या वेळी १ लिटर. ही सर्व्हिस घटनेच्या फक्त सात आठवडे आधीची. दोन्ही वेळा मी पैसे भरले आणि सही करून गाडी घरी आणली. त्या ओळीचा अर्थ काय हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

म्हणजे गाडी कूलंट खात होती हे त्यांच्याच कागदावर दोनदा लिहिलेलं आहे.

मिस्त्रींनी काढलेले फोटोही आज नीट बघितले. कोड आहे पी ०२१७. खाली लिहिलंय: तापमान १२१, वेग २४, आरपीएम ३१००. आणि एका ओळीत, चेक इंजिनचा दिवा लागल्यानंतर कापलेलं अंतर: १ किमी.

---

जुना_डेपो | २२ मे, रात्री १०:०५

पी ०२१७ म्हणजे इंजिन कूलंटचं तापमान मर्यादेबाहेर. बाकीचे आकडे म्हणजे कोड नोंदवला गेला त्या क्षणाचं चित्र, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. शोरूमने कोड पुसला की तेही जातं. तुमच्या मिस्त्रींनी लाखमोलाचं काम केलं. त्यांना एक पेटी पाठवा.

---

दर्यावर्दी | २२ मे, रात्री १०:४०

एक किलोमीटरची नोंद आणि दोन टॉप अप बघितल्यावर माझं मत बदललं. सकाळचं लिहिलेलं मागे घेतो. मास्तर, सोडू नका.

---

कातळ | २३ मे, सकाळी ८:३०

आम्ही विजयदुर्गला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो. इथल्या खाऱ्या हवेने रेडिएटर फॅनच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात आणि फॅन कधी फिरतो, कधी फिरत नाही. घाटात वेग कमी, समोरून वारा नाही, तेव्हा फॅनवरच सगळी मदार असते. स्कॅनरवर पी ०४८० सारखा फॅनचा कोड होता का? स्कॅनरवरून फॅन चालवून दाखवा असंही सांगा. नाहीतर उद्या ते खाऱ्या हवेचं पाचवं कारण काढतील. वॉरंटीच्या पुस्तकांत मीठ, पक्ष्यांची विष्ठा, कारखान्याचा धूर वगैरे वगळलेलं असतं. ते बहुधा रंग आणि गंजाच्या संदर्भात असतं, पण लावतात कुठेही.

---

खाडीकाठ | २३ मे, सकाळी ८:५०

फॅनचा कोड नव्हता. एकच कोड होता. तरी फॅन चालवून दाखवायला सांगतो.

---

ओसरी | २३ मे, रात्री ११:१०

मी वकील आहे, ग्राहकांची प्रकरणं चालवते. खाडीकाठ, तुमच्याकडे पुरावा चांगला आहे. तो आता नीट जपायला हवा.

सर्वात आधी नकार लेखी घ्या. तोंडी नकाराला काही अर्थ नाही. शोरूम आणि कंपनी दोघांना एकच ईमेल करा: माझा क्लेम वॉरंटी पुस्तिकेतल्या कुठल्या कलमानुसार नाकारला, बिघाडाचं मूळ कारण काय सापडलं, कूलंट नेमकं कुठून गेलं. तिसऱ्या प्रश्नावर त्यांची पंचाईत होईल, कारण "ग्राहक निष्काळजी" हे कूलंट कुठे गेलं याचं उत्तर नाही. त्याच ईमेलमध्ये लिहा की गाडी वादामुळे तिथे उभी आहे, पार्किंगचा आकार मला मान्य नाही, आणि माझ्या हजेरीशिवाय कुठलाही भाग उघडू, धुवू किंवा टाकून देऊ नये.

उशिरा केलेल्या सर्व्हिसबद्दल: उशीर झाला हे मान्य करा, लपवू नका. पण त्या उशिरामुळे पंप गळला का, हे त्यांनी दाखवायला हवं. नंतरची ३० हजारांची सर्व्हिस त्यांनीच वेळेवर केली आणि गळती तेव्हाही तपासली नाही. पेंढ्याबद्दल एक वाक्य पुरे: खासगी नोंदणीची गाडी, घरचे आंबे नातेवाइकांसाठी.

आता दुसरी बाजूही ऐका. निष्काळजीपणा त्यांनी सिद्ध करायचा, हे खरं. पण पंपात दोष होता हे सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर येते, आणि नुसत्या तक्रारीवर ग्राहक आयोग (ग्राहकांच्या तक्रारींचं न्यायालय) ते मानत नाही. तज्ज्ञाचा अहवाल लागतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ मध्ये वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवायची सोय आहे, पण त्याला वेळ लागतो आणि तोवर गाडी अडकून पडते. त्यापेक्षा परवानाधारक विमा सर्वेक्षक किंवा सरकारी तंत्रनिकेतनातल्या ऑटोमोबाइल विभागातले प्राध्यापक यांच्याकडून आत्ताच पाहणी करून घ्या. शोरूमला तारीख कळवून, त्यांच्या समोर.

गाडी बदलून मागू नका. वॉरंटीत भाग दुरुस्त करण्याचं किंवा बदलून देण्याचं वचन असेल तर मागणी तेवढीच करता येते, हे सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये एका गाडीच्याच प्रकरणात सांगितलंय. अवाजवी मागणीमुळे खरी मागणी कमजोर होते.

आयोगात जायची वेळ आली तर तुमच्याच जिल्ह्यात जाता येतं. कंपनीचं ऑफिस कुठेही असो, तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते, ही २०१९ च्या कायद्याने आणलेली मोठी सोय आहे. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. गाडी कितीला घेतली? ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. वकील लावलाच पाहिजे असं नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण कंपनीच्या मुख्य कार्यालयात कोणीतरी फाइल उघडतं.

---

खाडीकाठ | २४ मे, पहाटे ५:४५

ताई, झोप लागली नाही, तुमचा प्रतिसाद चार वेळा वाचला. गाडी ९ लाख ४० हजारांना घेतली. म्हणजे फी २०० रुपये. एवढ्या पैशांत माझं म्हणणं ऐकलं जाईल हे मला माहीतच नव्हतं. ईमेल आजच करतो.

---

खाडीकाठ | ६ जून, रात्री ९:१५

लेखी नकार आला, दहा दिवसांनी. आता चारऐवजी दोनच कारणं आहेत: "तापमानाचा इशारा मिळूनही वाहन दीर्घकाळ चालवणे" आणि "अमान्य द्रव". पेंढा गायब झालाय. सर्व्हिसच्या उशिराचाही उल्लेख नाही. कूलंट कुठून गेलं याबद्दल अक्षर नाही.

काल शोरूममध्ये जाऊन पंप बघितला. सल्लागार सोबत होता. टॉर्च मारल्यावर त्या बारीक भोकापासून खालच्या बोल्टपर्यंत बोटभर रुंदीचा गुलाबी ओघळ दिसला, कडांना पांढरट, मिठागरातल्या वाफ्याच्या काठासारखा. एका दिवसात असा थर धरत नाही हे माझ्यासारख्यालाही कळलं. सल्लागारही बघत राहिला, काही बोलला नाही. नंतर बाहेर सोडायला आला तेव्हा हळूच म्हणाला, "सर, आमच्या हातात नसतं." तरुण मुलगा आहे, त्याच्यावर माझा राग नाही.

फोटो बारा काढले. फॅन चालवून दाखवला, तो व्यवस्थित चालतो.

---

जुना_डेपो | ६ जून, रात्री ९:५०

गुलाबी ओघळ म्हणजे कंपनीचंच कूलंट. तुमचं झऱ्याचं पाणी वाळून गुलाबी होत नाही. "अमान्य द्रव" तिथेच निकालात निघालं.

---

खाडीकाठ | १९ जून, रात्री १०:२०

कंपनीकडून फोन आला. "गुडविल" म्हणून सुट्या भागांच्या किमतीत ५० टक्के सूट, मजुरी पूर्ण माझी. अट अशी की कोणतीही तक्रार उरली नाही असं लिहून द्यायचं. हिशेब केला तर माझ्या खिशातून साधारण ५२ हजार जातात.

शाळा सुरू झाली, पाऊस सुरू झाला. आईला दवाखान्यात न्यायचं तर रिक्षाला दर फेरीचे ६०० जातात. गाडीचा हप्ता चालूच आहे. बायको म्हणते घेऊन टाका, मनस्ताप नको. तिचंही चूक नाही.

---

सड्यावरून | १९ जून, रात्री १०:४५

मी तुमच्या जागी असतो तर घेतलं असतं. मनापासून सांगतो. वर्षभर तारखा करण्यापेक्षा गाडी दारात बरी. आईचं वय बघा.

---

ओसरी | १९ जून, रात्री ११:३०

गाडी दारात आणायची असेल तर हक्क सोडावाच लागतो असं नाही. मधला मार्ग आहे. सर्वेक्षकाची पाहणी करून घ्या, मग पूर्ण बिल स्वतः भरा, पण बिलावर आणि ईमेलमध्ये लिहा: "निषेध नोंदवून रक्कम भरत आहे, वसुलीचा हक्क राखून ठेवला आहे." ८६ हजार आज जातील हे कठीण आहे, मला कळतं. पण गाडी मिळेल आणि भांडण जिवंत राहील. "तक्रार उरली नाही" यावर सही केली की आयोगासमोर मोठा अडथळा उभा राहतो.

जुने भाग मात्र ताब्यात घ्या. क्लेम मंजूर झाला तर जुना भाग सहसा कंपनी ठेवून घेते. पण पैसे तुम्ही भरताय, तेव्हा पंप, गॅस्केट, थर्मोस्टॅट सगळं तुमचं. पिशवीत घालून, चिठ्ठी लावून, देणाऱ्याची सही घेऊन आणा.

---

वाळूतली_वाट | २० जून, सकाळी ७:५०

थोडं विषयांतर, पण ओसरीताईंना विचारायचंच आहे. माझी तारकर्लीला पर्यटकांसाठी एकच टॅक्सी आहे, मीच चालवतो. मला ग्राहक म्हणतील का? मलाही "व्यावसायिक वापर" सांगून परत पाठवलं होतं.

---

ओसरी | २० जून, सकाळी ८:२०

स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली आणि वापरलेली वस्तू "व्यावसायिक हेतू"त धरत नाहीत, कायद्याच्या व्याख्येतच तसं स्पष्टीकरण आहे. एक टॅक्सी आणि चालक तुम्हीच असाल तर तुम्ही ग्राहक आहात. वॉरंटी मात्र तुमच्या पुस्तिकेप्रमाणे. टॅक्सीला काही वेळा मुदत वेगळी असते, ती तपासा.

---

खाडीकाठ | १२ जुलै, रात्री ९:००

तुम्ही सगळे वाट बघताय म्हणून लिहितो. शिक्षक पतपेढीतून कर्ज काढलं. २८ जूनला सर्वेक्षक आले. हेड टेबलावर ठेवून त्यावर सरळ पट्टी आडवी धरली आणि पट्टीखालून पातळ पाती सरकवत गेले. मधे, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या बरोबर मधल्या जागी, ०.१८ ची पात सहज आत गेली. गॅस्केटही तिथेच जळलेलं. अहवालात त्यांनी लिहिलंय: पंपाच्या सीलमधून दीर्घकाळ हळूहळू गळती, दोन सर्व्हिसमध्ये कूलंट भरूनही गळतीचा शोध घेतला नाही, इंजिन तापणं हा त्याचा परिणाम.

बिल निषेध नोंदवून भरलं. गाडी काल घरी आली. पंप पिशवीत बांधून माळ्यावर ठेवलाय. आई दारात उभी राहून गाडीकडे बघत होती, मग आत जाऊन देवापुढे दिवा लावला.

आज नोटीस रजिस्टर पोस्टाने गेली. पंधरा दिवसांची मुदत दिली आहे.

---

खाडीकाठ | ३० ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०

नोटिशीला उत्तर नाही. मसुदा ताईंनी तपासून दिला आणि तक्रार दाखल झाली. शोरूम आणि कंपनी दोघेही विरुद्ध पक्ष. शोरूमवर मुद्दा: गळती दोनदा दिसूनही तपासली नाही, ही सेवेतली त्रुटी. कंपनीवर मुद्दा: वॉरंटीतला पंप निकामी झाला, त्याचा परिणाम नाकारला. फोटोंसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे. साखरप्याच्या मिस्त्रींचं प्रतिज्ञापत्रही जोडलं. दुकान बंद ठेवून ते रत्नागिरीला आले. चहाचे पैसेसुद्धा मला देऊ दिले नाहीत.

---

जुना_डेपो | ३० ऑगस्ट, रात्री ८:१०

असे मिस्त्री आहेत म्हणून घाटातून गाड्या वर जातात, मास्तर. माझा नमस्कार सांगा त्यांना.

---

ओसरी | ३० ऑगस्ट, रात्री ९:२५

आयोगाची नोटीस मिळाल्यापासून त्यांना उत्तराला ३० दिवस आणि फार तर आणखी १५. त्यापुढे मुदत नाही, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये हे पक्कं केलंय. तारखा डायरीत लिहून ठेवा. ४५ दिवस उलटले तर पहिल्याच तारखेला तसा अर्ज द्या.

---

खाडीकाठ | ९ डिसेंबर, रात्री १०:००

आज संपलं.

कंपनीचं उत्तर ४१ व्या दिवशी आलं. त्यात पहिल्यांदाच "पंप" हा शब्द होता, तोही "पंपाची झीज ही नैसर्गिक बाब" असा. ३१ हजार किलोमीटरला नैसर्गिक झीज! आयोगाने मध्यस्थीबद्दल विचारलं, मी हो म्हटलं. दोन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीत त्यांच्या वकिलांनी पंप बघायचा आहे म्हटलं. मी पिशवी सोडून टेबलावर ठेवला. ओघळ तसाच होता. त्यांनी तो उलटा-सुलटा करून बघितला, दोन्ही बिलांवरच्या ओळी वाचल्या, बाहेर जाऊन फोन केला.

८६,४०० पूर्ण मिळाले आणि सर्वेक्षकाची फी ४,५०० वेगळी. मानसिक त्रासाची भरपाई आणि रिक्षाचे पैसे मी सोडले. कोणाला हे कमी वाटेल. मला आईचा दुसरा डोळा जानेवारीत करून घ्यायचाय आणि पतपेढीचं कर्ज फेडायचंय, त्यामुळे निकाल आणि त्यावरच्या अपिलांची वाट बघणं झेपणारं नव्हतं. हा निर्णय माझा आहे, ताईंनी दोन्ही बाजू सांगितल्या होत्या. नव्या पंपाला आणि हेडच्या कामाला एक वर्षाची लेखी हमी मात्र तडजोडीच्या कागदात घालून घेतली.

---

सोलकढी | ९ डिसेंबर, रात्री १०:१५

मास्तरानू, लय बरा वाटला. देव बरा करो.

---

सड्यावरून | ९ डिसेंबर, रात्री १०:३०

मी जूनमध्ये घेऊन टाका म्हटलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत ते बरं झालं. एक विचारतो: आता गाडीत काय बघता? माझीही त्याच वयाची आहे.

---

खाडीकाठ | १० डिसेंबर, सकाळी ६:३०

टाकीवर पातळीच्या जागी मुलीच्या नेलपेंटने बारीक रेघ मारलीय. दर रविवारी सकाळी, गाडी थंड असताना, सपाट अंगणात बघतो. जुलैपासून रेघेवरच आहे. सर्व्हिसला गेलो की बिल घेण्याआधी विचारतो, कूलंट टाकलं का, टाकलं तर का टाकलं. तुमच्या बिलांवर कूलंटची ओळ दोनदा आली असेल तर आजच शोरूमला लेखी कळवा, गाडी चांगली चालत असली तरी.

पहिल्या ईमेलचा आणि नोटिशीचा मसुदा कोणाला हवा असेल तर निरोप पाठवा. नावं, नंबर काढून देतो.